वांगी रंगाच्या पडद्याला घाम

“मध्य भारतातली सगळ्यात तल्लख नजर आज नागपूरच्या महाल भागातल्या एका शिंप्याच्या स्टुलावर बसलेली आहे आणि या शहराला त्याचा पत्ता नाही,” मारोतराव निनावे म्हणाले. “माझ्या नजरेतून सुई सुटत नाही, रामाजी. सुई!”

सुई सुटली नसेल, पण स्टुलावर ठेवलेला निळा खडू सुटला होता आणि मारोतराव त्यावरच बसले होते. रामाजी धकातेनं डब्यातून दुसरा खडू काढला. त्याचे खडू गेली बारा वर्षं असेच जात होते. मारोतराव उठून गेले की त्यांच्या पँटीच्या बुडावर निळा चंद्र उगवलेला असे आणि सगळ्या महालाला गुप्तहेर कुठून कुठे गेला ते आपोआप कळे.

मारोतराव पोटासाठी गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात तागे उलगडत. वाचनालयातलं रहस्यकथांचं कपाट वरपासून खालपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी घराबाहेर पाटी लावली होती: ‘मा. निनावे, खाजगी गुप्तहेर. गुप्तता हाच आमचा धर्म. (आत कुत्रं नाही.)’ आजवर त्यांनी तीन प्रकरणं सोडवली होती. त्यातलं एक स्वतःच्या हरवलेल्या सायकलचं होतं आणि त्या सायकलवर बसूनच ते तिचा शोध घेत फिरले होते. तपासाच्या वेळी ते छापील मराठी बोलत. घाबरले की नागपुरीवर येत. मे महिना असो की पौष, अंगात लोकरीचा काळा कोट असे, कारण कोटाशिवाय गुप्तहेर त्यांनी कपाटात कुठे पाहिला नव्हता.

रामाजी त्यांचा सहायक होता, म्हणजे स्टूल त्याचं होतं.

त्या दिवशी, चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुकानासमोर सायकलरिक्षा थांबली आणि पुष्पलताबाई उतरल्या. धरमपेठेतल्या मधुकररावांच्या या पत्नी. त्यांच्या काखेत वांगी रंगाचा पडदा होता आणि तो पाहताच रामाजीनं हातातली कात्री खाली ठेवली. तो पडदा त्यानंच शिवला होता.

“हे बघा, रामाजी,” बाईंनी पडदा कापायच्या टेबलावर पसरला. “आठ दिवस झाले नाहीत लावून.”

पडद्यावर छातीच्या उंचीपासून खालपर्यंत पांढुरक्या कडांचे डाग होते. जुन्या भिंतीला ओल धरावी तसे. रंग उतरून खालची झालर जांभळट झाली होती.

“रोज दुपारी हा आपोआप भिजतो. चार पडद्यांतला हा एकच. पश्चिमेच्या खिडकीचा. घरात कोणी हात लावत नाही. सगळे झोपलेले असतात. मग कापडातच खोट नाही तर काय? रविवारी ‘आदर्श दिवाणखाना’ स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. शनिवारपर्यंत मला कारण सांगा, नाहीतर चारही पडदे उतरवून घेऊन जा. आणि आमच्या मंडळातल्या चौघी तुमच्याकडूनच शिवून घेणार होत्या ना? त्यांनाही मी सांगेन.”

रिक्षा गेली, तरी रामाजी टेबलाकडेच बघत राहिला. पायजमे आणि बुशशर्ट आता पोरं सीताबर्डीवर जाऊन तयार घेत होती. नातवंडांच्या झबल्यांवर दुकान किती दिवस चालणार? पण लोकांच्या घरांना नवा ताप चढला होता: पडदे! खिडकीला, दाराला, कपाटाला, काही घरांत तर आरशालासुद्धा. या एका दिवाणखान्यावर त्याची पुढची सगळी वर्षं टांगलेली होती. तीन दिवस मान मोडून त्यानं त्या चुण्या घातल्या होत्या आणि त्या खरंच सुरेख पडल्या होत्या.

मारोतरावांनी डाग हुंगला. मग जिभेला लावला. मग डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

“पाणी,” ते म्हणाले.

“ते तं मलेही दिसून राहिलं, मारोतराव.”

“विहिरीचं पाणी,” मारोतराव म्हणाले. “आता गुन्हेगाराचे दिवस भरले.”

दुसऱ्या दिवशी दोघे पडदा घेऊन धरमपेठेत पोचले. पुष्पलताबाईंनी त्यांना दाराशीच चपला काढायला लावल्या. मागच्या उन्हाळ्यापर्यंत त्या खोलीला घरातले बैठक म्हणत. तिथे साखळ्यांवर सागवानी बंगई होती, तख्तपोस होतं, त्यावर गादी आणि लोड होते, भिंतीवर चंदनी हार घातलेले पूर्वज होते आणि खिडकीला ऊन अडवणारी वाळ्याच्या गवताची ताटी होती. बाईंनी रंगीत मासिकं वाचली आणि एप्रिलमध्ये हे सगळं एका सुतारानं आणि दोन हमालांनी दिवसभरात बाहेर काढलं. आता ती ड्रॉइंगरूम होती. तीन भिंती फिक्या, चौथी मुद्दाम गडद. फोमचा सोफा आला होता, पण मळू नये म्हणून त्याचं दुकानातलं प्लास्टिक काढलं नव्हतं. सनमायकाची टीपॉय, शोकेसमध्ये प्लास्टिकची द्राक्षं, कोपऱ्यात लांब मानेचे मातीचे दोन घोडे. बंगईच्या कड्या छतातून निघाल्या नाहीत, म्हणून त्यांना वेताचा दिवा टांगला होता. तो उंच माणसाच्या बरोबर कपाळाशी येई. मारोतरावांच्या तो दोनदा आला.

“हे माझे सासरे,” बाई म्हणाल्या.

चंपतराव शेजारच्या वऱ्हांड्यात बाजेवर बसले होते. निवृत्त स्टेशनमास्तर. बंडीच्या खिशात साखळीचं घड्याळ. सोफ्याचं प्लास्टिक उघड्या पाठीला चिकटतं, म्हणून ते बाहेर बसत.

“तपासाले आले काय तुमी?” त्यांनी घड्याळ काढलं. “अकरा वाजून सात मिनिटं. बरं झालं. सूनबाईच्या जिवाले लय घोर लागला आहे त्या पडद्याचा. मी काही मदत करू शकलो तं सांगा.”

मारोतरावांनी वहीत लिहिलं: ‘वृद्ध. सज्जन. निरुपयोगी.’

बाईंनी दुपारचा क्रम सांगितला. एकला जेवणं. मग त्या आतल्या खोलीत नव्या कूलरसमोर झोपतात. हा कूलर लोखंडी पेटीचा, विमान उडावं तसा घोंघावतो, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही. मामाजींना त्याची हवा मानवत नाही, ते वऱ्हांड्यात पडतात. मधुकरराव कचेरीत. जिजाबाई चारला भांड्यांना येते. पाचला उठून बघावं, तर पडदा भिजून डाग पडलेला.

“आणि फरशी?” मारोतरावांनी विचारलं.

“कोरडी.”

“अहाहा!” मारोतराव म्हणाले. नागपूरच्या मे महिन्यात ओली फरशी कोरडी व्हायला किती वेळ लागतो, हे कोणत्याही पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, पण मारोतरावांनी पोराला विचारलं नाही. “पाणी खालून आलेलं नाही. अर्थात वरून आलं. गच्ची!”

भर बारा वाजता ते अनवाणी गच्चीवर गेले. खालून रामाजीला आधी त्यांची भारदस्त पावलं ऐकू आली, मग फार जलद पावलं, मग “अरे बापा! बापा! मेलो गा!” असा आवाज आला. मग शांतता. रामाजी धावत वर गेला. मारोतराव गुंडाळून ठेवलेल्या एका गवताच्या भेंडोळ्यावर पाय वर घेऊन बसले होते आणि वहीत लिहीत होते.

“गळती नाही,” ते म्हणाले. “हे काय आहे कोणास ठाऊक, पण बसायला थंड आहे. वास चांगला येतो.”

रामाजीनं त्यांना चपला नेऊन दिल्या.

गुरुवारी शेजारणीवर संशय गेला. समोरच्या सुभद्राबाईंचा दिवाणखानाही स्पर्धेत होता. “हेतू आहे, संधी आहे,” मारोतराव म्हणाले, “आता फक्त पिचकारी सापडायची आहे.” ते थेट सुभद्राबाईंच्या घरात शिरले आणि चटकन परत बाहेर आले.

“रामाजी, आपण चुकून त्याच घरात परत आलो.”

रामाजीनं डोकावून पाहिलं. चूक होण्यासारखंच होतं. तीन भिंती फिक्या, चौथी गडद. तोच सोफा, तेच प्लास्टिक, तीच द्राक्षं, तेच दोन घोडे. सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“तिनं पाठवलं काय तुमाले? घोडे तिनं माझे पाहून घेतले! द्राक्षं तिनं माझे पाहून घेतले! आणि मी तिचा पडदा भिजवू? मी पडदेच नाही लावले अजून. मी पाहून राहिली, तिचे पडदे चांगले दिसले तं मंग याच टेलरकडून शिवीन म्हणून.”

रामाजीला हे ऐकून आनंद व्हावा की रडू यावं ते कळेना. मारोतराव मात्र संशयितानं असं म्हणणं हीच संशयास्पद गोष्ट आहे, असं वहीत लिहून परतले. मग त्यांनी पुष्पलताबाईंचे मातीचे घोडे उचलून कानाशी धरून हलवले, कारण पोकळ वस्तूत पाणी लपवता येतं. त्यात एका घोड्याचा कान गेला. तो त्यांनी पुरावा म्हणून खिशात ठेवला.

संध्याकाळी पाळी जिजाबाईवर आली. ती माठाशी बसली होती आणि मारोतराव तिच्यासमोर उकिडवे बसले. पाठीमागून निळा चंद्र दिसत होता.

“या घरात पाणी कोण भरतं?”

“मी.”

“माठ?”

“मीच.”

“म्हणजे पाण्याशी संबंध असलेली या घरातली एकमेव व्यक्ती तू.” मारोतराव रामाजीकडे वळले. “लिहून घे.”

जिजाबाईनं हातातला गडू खाली ठेवला. “काय गा, अठरा वर्सं झाले मी या घरी भांडे घासून राहिली. मले पडदा धुवायचा राहिला असता तं काढून बादलीत नसता टाकला? तिथंच लटकवून काहून धुतला असता? आणि माठाचं म्हनता तं मीच विचारून राहिली बाईले, की माठ रोज दुपारून रिता होते, एवढं पाणी पिते कोण?”

“विषयांतर,” मारोतराव म्हणाले.

पुष्पलताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जिजाबाईकडे पाहिलं आणि ते पाहणं जिजाबाईनं पाहिलं. ती पदर खोचून तरातरा निघून गेली. रामाजीला फार वाईट वाटलं. आपली शिलाई वाचवायची म्हणून एका बाईच्या अठरा वर्षांना डाग लागतो आहे, हे त्याला बरं वाटेना.

शुक्रवारी मारोतरावांनी तोच पडदा पश्चिमेच्या खिडकीला पुन्हा लावायला सांगून सापळा रचला. ते स्वतः पडद्यामागे, रामाजी सोफ्यामागे. “डोळ्याला डोळा लागता कामा नये,” ते म्हणाले. “झोप हा सामान्य माणसाचा दुर्गुण आहे.”

दीडच्या सुमाराला घर शांत झालं. आत कूलर घोंघावू लागला. बाहेर रस्ता असा सामसूम झाला, की कावळासुद्धा ओरडेना. नागपूरची दुपार ही, तिनं भल्याभल्यांना आडवं केलं आहे. पावणेदोनला पडद्यामागून संथ, समाधानी घोरणं ऐकू आलं. मध्य भारतातली सगळ्यात तल्लख नजर उभ्या उभ्याच मिटली होती. रामाजीनं ठरवलं, आपण तरी जागायचं. आपल्या पोटाचा प्रश्न आहे. मोझेकची फरशी गार होती. त्यानं फक्त गाल टेकवला.

त्याला कोणी तरी खांद्याला धरून हलवलं. जिजाबाई! ती चारला येणारी, आज अडीचलाच मागच्या दारानं आली होती आणि तिचे डोळे रागानं लाल होते.

“मी म्हटलं, पाहू तं खरी, कोण पाणी टाकते ते,” ती कुजबुजली. “चूप राह्य. आणि तिकडे पाह्य.”

वऱ्हांड्यातून चंपतराव आले. डोळे जेमतेम किलकिले. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात पितळी लोटा. घड्याळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते थेट पश्चिमेच्या खिडकीशी गेले, पाण्यात हात बुडवला आणि सरावाच्या हातानं शिंपडलं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. उरलेला लोटा मधोमध, छातीच्या उंचीवर, सपकन. पडद्यामागून “आहाऽ” असा तृप्त सुस्कारा आला आणि घोरणं आणखी खोल गेलं.

“चला,” चंपतराव झोपेतच पुटपुटले, “आता तीनला.” आणि वळले.

जिजाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. हसू आवरेना तेव्हा तिनं तो काढला आणि मोठ्यानं हाक मारली, “बाबूजी! काय करून राहिले तुमी?”

चंपतराव दचकून जागे झाले. आतून पुष्पलताबाई धावत आल्या. पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारून ओले गच्च मारोतराव बाहेर पडले आणि ओरडले, “कोन्ही हलू नका! माझ्यावर हल्ला झाला ना बापा!”

“मामाजी?” पुष्पलताबाई म्हणाल्या. “तुम्ही?”

“मी? मी तं झोपलो होतो, सूनबाई,” चंपतराव म्हणाले. मग त्यांना आपल्या हातातला लोटा दिसला. पडदा दिसला. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

“ताटी शिंपून राहिले होते ते,” जिजाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. “मी या घरी आली तेव्हापासून पाहून राहिली. उन्हाळा लागला की हे दर अर्ध्या घंट्यानं उठत. डोळे नाई उघडत, काई नाई. ताटी ओली करत आणि पडून राहत. ताटी गेली गच्चीवर, यांच्या हाताची सवय कशी जाईन?”

चंपतराव लोट्याकडे बघत राहिले.

“तीस-पस्तीस उन्हाळे झाले,” ते हळूच म्हणाले. “घरातले झोपले की ताटी वाळू द्यायची नाही, हे माझं काम. कोन्ही सांगितलं नव्हतं. मीच लावून घेतलं. रेल्वेनं मले रिटायर केलं, पार्टी केली, घड्याळ दिलं. पण या ड्यूटीतून मले कोन्ही सोडवलंच नाही ना, सूनबाई. मले माहीतच नव्हतं मी अजून करून राहिलो. तुमचा एवढा महागाचा पडदा गेला.”

पुष्पलताबाई मटकन सोफ्यावर बसल्या. प्लास्टिक करकरलं. त्यांना या घरातला आपला पहिला मे महिना आठवला. नवी नवरी, अंगावर जरीचं लुगडं, सासरची धास्ती आणि तरी याच खोलीत दुपारी लागलेली ती गाढ गार झोप. किती तरी उन्हाळे त्या झोपल्या होत्या आणि ताटी ओली कशी राहते, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“जिजाबाई,” त्या म्हणाल्या, “काल मी तुझ्याकडे जसं पाहिलं तसं पाहायला नको होतं.”

“जाऊ द्या ना बाई. ते या कोटवाल्यामुळे झालं.”

“आणि रामाजी, तुमच्या कापडात काही खोट नाही.”

रामाजीला वाटलं, चार दिवसांनी आपण पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पण पडदा तर गेलाच होता आणि रविवार परवावर आला होता. तो खिडकीशी गेला. पडद्याच्या दोन्ही कडा कोऱ्या होत्या, डाग फक्त मधे होते. त्याला गच्चीवरचं ते गवताचं भेंडोळं आठवलं.

“बाई, मधला भाग कापून टाकतो,” तो म्हणाला. “दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे पडदे. मधे ताटीच लावू. उरलेल्या वांगी कापडाचा ताटीला चहूकडून गोट शिवून देतो. पाण्यानं गोटाचा रंग गेला तं ते नुकसान माझं.”

“ताटी? स्पर्धेत?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. “लावा.”

रविवारी तीन परीक्षक दुपारी अडीचला आले. तोवर त्यांनी अकरा दिवाणखाने पाहिले होते, म्हणजे एकच दिवाणखाना अकरा वेळा पाहिला होता. बाराव्या घरी ते सोफ्यावर बसले. खिडकीत वांगी गोटाची ताटी नुकतीच शिंपलेली होती. वाळ्याचा तो ओला वास आणि ती गार झुळूक लागताच पहिल्या परीक्षकानं बुटांच्या नाड्या सैल केल्या, दुसऱ्यानं गुणपत्रिकेनं तोंड झाकलं आणि अध्यक्षबाई प्लास्टिकच्या द्राक्षांबद्दल एक प्रश्न विचारता विचारता अर्ध्यातच झोपल्या. पावणेपाचला ते उठले. पुढची घरं राहून गेली म्हणून घाईघाईनं निघाले आणि गुण द्यायचं विसरले. बक्षीस सुभद्राबाईंना मिळालं.

पण सोमवारी सकाळी रामाजीच्या दुकानासमोर चार सायकलरिक्षा उभ्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक गुंडाळलेली ताटी होती. कोणी माळ्यावरून काढलेली, कोणी बाजारातून नवी आणलेली. पाचव्या रिक्षातून स्वतः सुभद्राबाई उतरल्या.

“माझ्या ताटीले हिरवा गोट पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आणि तिच्यापेक्षा रुंद.”

“यालाच म्हणतात फॅशन,” मारोतराव स्टुलावरून म्हणाले. “मी तर गच्चीवरच ताटीवर बसलो होतो. गुन्ह्याचं मूळ मी आधीच दाबून धरलं होतं, फक्त जाहीर केलं नाही.” मग त्यांनी वहीत प्रकरण पूर्ण केलं: ‘आरोपी: पाणी. सध्या वाफ होऊन फरार. तपास अधिकाऱ्यावर प्राणघातक हल्ला. तपास यशस्वी.’ खिशातून त्यांनी मातीच्या घोड्याचा कान काढला, तो कशाचा पुरावा होता ते आठवेना, म्हणून परत ठेवला.

त्या आठवड्यात रामाजी धरमपेठेत ताट्या पोचवायला गेला तेव्हा दुपारी पुष्पलताबाईंकडेही डोकावला. बंगई माळ्यावरून उतरून पुन्हा छताच्या कड्यांवर आली होती आणि वेताचा दिवा जिजाबाईच्या घरी गेला होता. बाईंनी सांगितलं, की त्यांनी मामाजींकडून रीतसर चार्ज घेतला आहे. आता ताटी त्या शिंपणार, मामाजींनी निवांत झोपायचं. चंपतरावांनी सोमवारी लोटा त्यांच्या हातात दिला, चार्ज दिल्याचं कागदावर लिहून तारीख, वेळ आणि सही घातली, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते बिनघोर झोपले.

अडीच वाजले. पुष्पलताबाई लोटा घेऊन ताटीशी आल्या. त्याच क्षणी वऱ्हांड्यातून डोळे मिटलेले चंपतराव दुसरा लोटा घेऊन आले. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, मधे सपकन. दोन्ही लोट्यांचं पाणी एकदमच ताटीवर पडलं आणि वाहत मोझेकवर आलं.

“आता पुसू काय मी हे?” आतून जिजाबाई ओरडली.

“नको,” पुष्पलताबाई म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांच्या हातातला लोटा हळूच काढून घेतला, त्यांचा दंड धरून त्यांना बाजेपर्यंत नेलं आणि परत येऊन उरलेलं पाणी स्वतःच पुसायला बसल्या.